व्हेझेरच्या काठावरून आलेली पत्रं

आमचे अण्णा बसवनगुडीतल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. ड्रॉइंगचा तास म्हणजे पोरांच्या विसाव्याचा तास, असं शाळेतले बाकीचे मास्तर समजायचे. अण्णांना ते ठाऊक होतं. त्यांनी त्यावर कधी वाद घातला नाही. वर्गाला घेऊन ते सरळ जवळच्या ब्यूगल रॉक टेकडीवर जायचे आणि पोरांना म्हणायचे, "झाड काढू नका. झाड सगळेच काढतात. हा खडक काढून दाखवा." खडक काढणं किती कठीण ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमचं घराणं बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली असतील. घरात मराठी बोलायचो, पण ती अशी की पुण्याचे पाहुणे आले की एकमेकांकडे बघून हसायचे. मी थोरली, म्हणून घरातले सगळे मला अक्का म्हणत. अण्णासुद्धा अक्काच म्हणत.

पंचावन्न-छप्पन साल असेल. वर्गात दाखवायला चित्रं मिळावीत म्हणून अण्णा चिकपेटच्या पलीकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून परदेशी मासिकं आणायचे. एका रविवारी ते असंच एक मासिक घेऊन आले आणि चपला न काढताच माजघरात येऊन बसले. आईनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. मासिकात एका गुहेचे रंगीत फोटो होते. फ्रान्समध्ये व्हेझेर नावाची एक नदी आहे, तिच्या खोऱ्यात लास्को नावाची गुहा आहे, आणि त्या गुहेच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी वळू, घोडे, हरणं रंगवून ठेवली आहेत. एक वळू तर एवढा की तीन माणसं हात पसरून उभी राहिली तरी झाकला जाणार नाही.

"ही पाठीची रेघ बघ," अण्णा मला म्हणाले. "एका दमात काढलीय. मशालीच्या उजेडात, खडबडीत भिंतीवर. मला फळ्यावर जमत नाही."

बसवनगुडीत जन्म काढलेल्या माणसाला वळूचं अप्रूप वाटायचं कारण नव्हतं. देवळातला अखंड दगडाचा मोठा बसव, म्हणजे नंदी, आम्ही रोज बघत होतो, कार्तिकात त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरायची. पण अण्णा त्या दिवशी देवळात जाऊन आले ते जरा वेगळेच होऊन आले. "आपल्याकडेही नदी बसवाच्याच पायाखालून निघते," ते म्हणाले. ती वृषभावती. नाव मोठं, पाणी ओढ्याएवढं. अण्णांना मात्र दोन नद्यांची काहीतरी सोयरीक जुळल्यासारखी वाटली.

त्यांनी पत्र लिहिलं. ज्या गावाजवळ गुहा आहे त्या गावच्या 'ड्रॉइंग मास्तरांना', इंग्रजीत. काळा आणि तांबडा रंग कशाचा, तो भिंतीला कसा लावला असेल, पाठीची रेघ कुंचल्यानं काढली की बोटानं, असे नऊ-दहा प्रश्न. आई म्हणाली, "नाव नाही, गाव धड नाही. कोणाला मिळणार हे?"

तीन महिन्यांनी उत्तर आलं. ते पत्र त्या गावच्या शाळेत फिरून, ड्रॉइंग शिकवणारं कोणी तिथं नसल्यामुळे, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका लहान गावातल्या शिक्षिकेकडे पोचलं होतं. बाई चाळिशीच्या असाव्यात. एकट्या राहत. पत्र सहा पानी होतं, आणि सगळं फ्रेंचमध्ये.

अण्णा ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरले. शेवटी दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, पुदुच्चेरीहून आलेल्या एक वयस्क बाई संध्याकाळी फ्रेंच शिकवतात असं कोणीतरी सांगितलं. अण्णा तिथं गेले आणि पत्राचं भाषांतर करून घ्यायच्या ऐवजी माझं नाव घालून आले.

"मला कशाला?" मी म्हटलं. मी तेव्हा इंटरला होते.

"माझी जीभ आता वळायची नाही, अक्का. तुझी वळेल."

माझी जीभ वळली. दोन वर्षांत मी पत्र डिक्शनरीशिवाय वाचू लागले. मग ठरूनच गेलं. बाईंचं पत्र आलं की अण्णा शाळेतून आल्यावर हात धुवून बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत जायची. अण्णा उत्तर सांगायचे आणि मी ते फ्रेंचमध्ये लिहायची. माझ्या लग्नापर्यंत हे असंच चाललं.

त्या पत्रांतून मला जेवढं ते खोरं कळलं तेवढं आमचं म्हैसूर राज्यसुद्धा कळलं नव्हतं. बाईंच्या घराला तीनच भिंती होत्या. चौथी भिंत म्हणजे डोंगराचा कडा. व्हेझेरच्या काठानं चुनखडीचे उंच कडे आहेत, आणि ते मध्येच आत गेलेले, वर छपरासारखे पुढे आलेले. त्या छपरांखाली आदिमानव राहिला, मग शेतकरी राहिले, आता बाई राहत होत्या. "माझ्या चुलीमागच्या भिंतीवर कोणाच्या तरी चुलीची काजळी असेल," असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. वाफे खणताना गारगोटीची हत्यारं निघायची आणि वर्गातली मुलं ती खिशात घालून आणायची. त्यांनी एक लहान पातं डबीत घालून अण्णांना पाठवलं. अण्णांनी त्यानं पेन्सिलीला टोक करून पाहिलं. टोक चांगलं झालं.

अण्णा वेड लागल्यासारखे कामाला लागले होते. मागच्या अंगणातल्या भिंतीवर त्यांनी काव आणि कोळशानं वळू काढायचा प्रयत्न केला. रंग तोंडात घेऊन नळीनं फुंकून पाहिला, ओठ आठ दिवस तांबडे राहिले. शेजारच्या कन्नड मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "काय मास्तर, स्वल्प पान जास्त झालं वाटतं?" पण ती रेघ काही त्यांना जमली नाही. "समोर उभं राहून बघायला पाहिजे," ते म्हणायचे. "फोटोत भिंत सपाट दिसते. ती सपाट नाही. भिंतीला जिथं फुगवटा आहे तिथं त्यानं वळूचं पोट काढलंय."

हळूहळू जायचं ठरलं. अण्णांचा एक जुना विद्यार्थी मुंबईला जहाजांच्या कचेरीत होता. मार्सेय बंदरापर्यंत मालवाहू बोटीवर सोय करतो म्हणाला. बाईंनी राहायची व्यवस्था करते म्हणून कळवलं. पासपोर्ट आला. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली की निघायचं.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. ते कसं ठरलं हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी चोवीस वर्षांची झाले होते. आधी दोन ठिकाणं मोडली होती. एक तर सुपारी फुटल्यावर मोडलं, मुलाकडच्यांनी मुहूर्त दोनदा पुढे ढकलला आणि मग निरोप पाठवला. आई तेव्हा पंधरा दिवस देवळात गेली नव्हती, वाटेत कोणी विचारेल म्हणून. हे तिसरं स्थळ बेळगावकडचं. मुलगा यशवंतपूरला एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनीअर होता. मार्चमधला मुहूर्त निघाला. पुढे ढकलणं हा शब्दसुद्धा मला त्या दिवसांत ऐकवत नव्हता.

जानेवारीत बाईंचं पत्र आलं.

अण्णा कट्ट्यावर येऊन बसले. मी पत्र उघडलं. पहिल्या पानावर नदीला आलेला पूर होता, अक्रोडाचं तेल होतं. दुसऱ्या पानावर अक्षर बदललं होतं, घाईत लिहिल्यासारखं. बाईंचा मावसभाऊ गुहेच्या दारावर तिकिटं देत असे. त्याच्याकडून त्यांना कळलं होतं की गुहेच्या भिंतींवर हिरवे डाग वाढताहेत. रोज आत जाणाऱ्या शेकडो माणसांच्या श्वासानं चित्रं खराब होताहेत. तज्ज्ञ येऊन जाताहेत आणि येत्या वसंतात गुहा बंद होणार असं सगळे बोलताहेत, कदाचित कायमची. "उन्हाळ्याची वाट पाहू नका," बाईंनी लिहिलं होतं. "शक्य असेल तर आताच निघा. मार्च संपायच्या आत या. मी हे दोनदा विचार करून लिहिते आहे."

मी ते मनात वाचलं. अण्णा वाट बघत होते.

अण्णांना मी ओळखत होते. हे ऐकल्यावर ते उठून मुंबईला तार करतील. आईशी बोलतील, मुलाकडच्यांना हात जोडून सांगतील की मुहूर्त वैशाखात धरू. आणि मुलाकडचे 'बरं' म्हणतील आणि मग एक निरोप येईल. मला तो निरोप ऐकू येत होता. त्याच वेळी मला असंही वाटलं, आणि हे मी खरंच सांगते, की जी गुहा एवढी हजारो वर्षं टिकली ती आणखी तीन महिने टिकणार नाही का? लोक काय, काहीही बोलतात.

मी तिसऱ्या पानाकडे वळले. तिथं बाईंच्या वर्गातल्या एका मुलीचे दात पडल्याची गोष्ट होती. ती मी नीट रंगवून सांगितली.

"आज पत्र लहान वाटतंय," अण्णा म्हणाले.

"अक्षर मोठं काढलंय त्यांनी," मी म्हटलं.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले, आणि त्या मुलीच्या दातांवर हसले.

मार्चमध्ये माझं लग्न झालं. अण्णांनी मांडवाच्या दारावर दोन्ही बाजूंना काव आणि चुन्यानं घोडे काढले होते. बेळगावचे पाहुणे येऊन येऊन बघत होते. मी यशवंतपूरला राहायला गेले.

एप्रिल संपत आला असताना एका दुपारी अण्णा दोन बस बदलून आमच्याकडे आले. हातात इंग्रजी पेपरचा कापलेला तुकडा होता. चार-पाच ओळींची बातमी. लास्कोची गुहा लोकांसाठी बंद करण्यात आली.

मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"बाईंनी काहीच कळवलं नाही?" त्यांनी विचारलं. "एवढी मोठी गोष्ट. त्या भागात कोणीतरी बोललं असेल की."

त्या क्षणी मी सांगितलं असतं तर अण्णा काय करणार होते? रागावले असते, कदाचित महिनाभर बोलले नसते. पण माझ्या हाताची हळद पुरती गेली नव्हती आणि आत सासूबाई होत्या.

"नाही अण्णा," मी म्हटलं.

"त्यांनाही ठाऊक नसेल मग," अण्णा म्हणाले. "बिचाऱ्या."

मी म्हटलं, "खोऱ्यात दुसऱ्या गुहा आहेत ना? त्यांनीच लिहिलं होतं. त्या उघड्या असतील."

"आहेत," अण्णा म्हणाले. "जाऊ. पुढच्या वर्षी जाऊ." मग त्यांनी तिथंच पत्र सांगितलं. बातमी वाचली, वाईट वाटलं, तुम्हालाही धक्का बसला असेल, असं साधंच. मी लिहून पोस्टात टाकलं. उत्तर आलं की आणतो, म्हणाले.

जूनमध्ये मी विचारलं तर म्हणाले, "या खेपेला पत्र नाही." ऑगस्टमध्ये एक पत्र घेऊन आले. ते मी वाचून दाखवलं, त्यात पाऊसपाण्याच्याच गोष्टी होत्या. बंद गुहेचा त्यात एक शब्द नव्हता, आणि मी मनातून सुटले. पुढेही तसंच चालू राहिलं. अण्णा पत्र घेऊन यायचे, मी वाचायची, ते उत्तर सांगायचे. फक्त एक फरक पडला होता. पूर्वी मी वाचताना ते कागदाकडे बघायचे, आता माझ्या तोंडाकडे बघत. माझं लग्न झालंय, मी दूर राहते, म्हणून बघत असतील असं मला वाटायचं.

पुढच्या वर्षी अण्णांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. बोटीचा विषय घरात परत निघाला नाही. मागच्या भिंतीवर त्यांनी चुना फिरवला.

सहासष्ट साली मी मुलीला घेऊन महिनाभर माहेरी होते. संध्याकाळी आम्ही तिघं ब्यूगल रॉकवर जायचो. अण्णा सावकाश चढायचे, मध्ये दोनदा थांबायचे. एकदा मुलगी खडकावर खडूनं रेघोट्या ओढत होती आणि आम्ही दोघं बाजूला बसलो होतो. अण्णा म्हणाले, "अक्का, तुला काही सांगायचंय का मला?"

मी दचकले. "कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

माझ्या तोंडाशी आलं होतं. एवढी मोकळी वेळ मला परत मिळणार नव्हती, हे तेव्हाही थोडंसं कळत होतं. पण तीन वर्षं होऊन गेली होती, अण्णांची तब्येत तशी, आणि आता सांगून गुहा काही उघडणार नव्हती. अशी कारणं माणसाला पटापट सुचतात.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "ऊन उतरलं, चला हळूहळू."

त्यांनी मान हलवली आणि उठायला हात पुढे केला. मी तो धरला.

अडुसष्टमध्ये अण्णा गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. तेरावं झाल्यावर मी व्हेझेरकाठच्या बाईंना पत्र लिहिलं. पहिल्यांदाच माझं स्वतःचं, कोणी न सांगितलेलं. अण्णा गेल्याचं लिहिलं, आणि मग सगळं लिहिलं. जानेवारीतलं ते पान, माझं लग्न, मी काय गाळलं आणि अण्णांना नंतर काय सांगितलं. मराठीत मला हे कोणाला सांगता आलं नसतं. परक्या भाषेत ते जमलं.

दीड महिन्यांनी उत्तर आलं. ते मी जवळजवळ जसंच्या तसं सांगते.

बाईंनी लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांना हे माहीत होतं. त्रेसष्टच्या मे महिन्यात मी त्यांना लिहिलं होतं की मला जानेवारीपासून ही भीती होती आणि तुम्हाला तसं कळवलंही होतं, तुमचं येणं का झालं नाही याचं मला कोडं पडलं आहे. त्या पत्राचं उत्तर तुमच्या हस्ताक्षरात आलं नाही. कोणा वयस्क बाईच्या हातचं वाटत होतं. त्यात त्यांनी मला विनंती केली होती की या विषयावर परत कधीही लिहू नये, कारण पत्रं मुलगी वाचते."

पुढे त्यांनी अण्णांच्या त्या पत्रातला मजकूर उतरवून पाठवला होता. "माझ्या मुलीनं माझ्यासाठी एक अख्खी भाषा शिकून घेतली. त्यातली दोन वाक्यं तिनं स्वतःसाठी ठेवून घेतली, एवढंच झालं. तिचं लग्न होतं. ती कधीतरी आपण होऊन मला सांगेल. मी विचारणार नाही."

मी दंडूत गेले. पुदुच्चेरीच्या बाई आता फार थकल्या होत्या, शिकवणं सुटलं होतं. मी विचारल्यावर त्यांनी लगेच ओळखलं.

"तुमचे वडील पत्र घेऊन इथंच बसले होते," त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "तुमच्या घरी जायला दोन बस लागतात, एवढा धीर निघत नाही म्हणाले. मी वाचलं. मग त्यांनी जानेवारीचं पत्रही खिशातून काढलं, खात्री करायला. ते कशाला आणलं होतं कोण जाणे. मी तेही वाचलं."

"मग?"

"मग काही नाही. पुष्कळ वेळ बसले. मला म्हणाले, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षं आम्ही समोरासमोर बसलो, मी वाचत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. विचारणार नाही असं म्हणून शेवटी एकदा त्यांनी विचारलंही. गुहा बंद झाली ती माझ्यामुळे नव्हे. ती व्हायचीच होती. पण हे दुसरं दार माझ्या हातात होतं, ते मी पाच वर्षं लावून धरलं. गुहेचं दुःख केव्हाच बोथट झालं. हे दुसरं मात्र होत नाही.

घरी आल्यावर मी माझ्या यजमानांना सगळं सांगितलं. इतकी वर्षं त्यांनाही काही माहीत नव्हतं. ते शर्टाची बटणं काढत होते, ऐकता ऐकता थांबले.

"एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "मुहूर्त पुढं ढकलला असता तर काय झालं असतं? थांबलो असतो की आम्ही. उलट माझ्या वडिलांना घाईच झालीय असं वाटत होतं. बहिणीची परीक्षा होती मार्चमध्ये. वैशाखात असतं तर बरं, असं ते दोनदा म्हणाले. पण मुलीकडच्यांची अडचण असेल म्हणून कोणी बोललं नाही."

त्यांना माझा चेहरा बघून आपण काय बोललो ते कळलं असावं. ते खाली बसले आणि म्हणाले, "मी आपलं सहज सांगितलं."

"नाही, बरं झालं सांगितलंत," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन भात चढवला.